घटक ३ : गोपाळ गणेश आगरकर – ज्ञान, आकलन आणि चिकित्सक विचार

३.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी साध्य होतील :

१. आगरकरांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे आणि त्यांची वैचारिक जडणघडण सांगता येईल.
२. माहिती, ज्ञान आणि आकलन यांतील फरक आगरकरांच्या कार्याच्या आधारे स्पष्ट करता येईल.
३. 'वाक्यमीमांसा' हा व्याकरणग्रंथ आणि 'सुधारक'मधील निबंधलेखन यांतील आंतरिक संबंध ओळखता येईल.
४. शब्दप्रामाण्य आणि बुद्धिप्रामाण्य या संकल्पनांचे शिक्षणातील स्थान विशद करता येईल.
५. आगरकरांच्या भूमिकेच्या मर्यादांची चिकित्सा करता येईल.

३.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, मागील घटकात आपण ज्ञानाची साधने, म्हणजेच प्रमाणे, यांचा परिचय करून घेतला. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली आहेत, हे आपण पाहिले. यांपैकी शब्दप्रमाणाचा, म्हणजे विश्वसनीय व्यक्तीच्या वचनाचा, शिक्षणाशी सर्वांत निकटचा संबंध आहे. आपल्याला जे ठाऊक असते त्यातील फार मोठा भाग आपण स्वतः पाहिलेला वा ताडून घेतलेला नसतो. तो शिक्षकांनी सांगितलेला किंवा पुस्तकात वाचलेला असतो. मग अशा ऐकीव गोष्टीला ज्ञान केव्हा म्हणावे? ती लक्षात राहिली की ती समजली, असे म्हणता येईल का? आणि सांगणाऱ्याविषयी आदर बाळगूनही त्याचे म्हणणे तपासून पाहता येते का?

हे प्रश्न तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत जसे येतात, तसेच ते माणसांच्या आयुष्यातही येतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात हे प्रश्न ज्यांनी अत्यंत निर्धाराने विचारले, त्यांत गोपाळ गणेश आगरकर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. आगरकरांची ओळख सामान्यतः समाजसुधारक आणि निबंधकार अशी करून दिली जाते. ती योग्यच आहे. परंतु ते व्यवसायाने शिक्षक होते आणि त्यांनी मराठी वाक्यरचनेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता, याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. प्रस्तुत घटकात आपण शिक्षक, वैयाकरण आणि सुधारक या तीन भूमिका एकत्र ठेवून त्यांचे जीवन पाहणार आहोत. या तिन्ही भूमिकांमागे विचार करण्याची एकच पद्धत आहे, असे या घटकाचे प्रतिपादन आहे. ते कितपत ग्राह्य आहे, हे आपण वाचनाच्या ओघात स्वतः ठरवावे.

३.२ विषय-विवेचन

३.२.१ बालपण आणि शिक्षणासाठीची धडपड

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची होती. प्रारंभीचे शिक्षण कराड येथे झाले. परंतु पुढे शिकण्याची सोय नसल्यामुळे त्यांना लहान वयातच अर्थार्जनाकडे वळावे लागले. त्यांनी कचेरीत कारकुनी केली, दवाखान्यात कंपाउंडर म्हणून काम केले. शिक्षणाच्या ओढीने ते पायी रत्नागिरीस गेले. तेथेही जम बसला नाही. पुढे नातेवाइकांच्या आश्रयाने ते अकोल्यास राहिले आणि १८७५ साली तेथून मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. अकोल्यातील विष्णु मोरेश्वर महाजनी या विद्वान शिक्षकांचा त्यांना मोठा आधार लाभला.

आपल्यापैकी अनेक जण नोकरी, शेती वा घरकाम सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. त्यांना आगरकरांच्या आयुष्याचा हा भाग वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. एक बाब मात्र लक्षात घ्यावी. ज्याला शिक्षण सहजपणे मिळते त्याला ते कशासाठी, हा प्रश्न सहसा पडत नाही. ज्याला गावोगाव भटकून ते मिळवावे लागते, त्याच्यापुढे तो प्रश्न लवकर उभा राहतो.

३.२.२ डेक्कन कॉलेज : वाचन आणि निश्चय

१८७६ मध्ये आगरकर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. शिष्यवृत्ती आणि लेखन यांवर त्यांचा निर्वाह चाले. अंगावरचा एकच सदरा रात्री धुऊन वाळवायचा आणि सकाळी तोच घालायचा, अशी त्यांची स्थिती होती, हे त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितले जाते. १८७८ साली ते बी. ए. झाले आणि पुढे इतिहास व तत्त्वज्ञान हे विषय घेऊन एम. ए. झाले.

या काळात जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर या दोन इंग्रज विचारवंतांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. ज्ञानमीमांसेच्या दृष्टीने या दोघांचे म्हणणे थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे.

मिल यांचा तर्कशास्त्रावरील ग्रंथ १८४३ साली आणि स्वातंत्र्यावरील ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या ग्रंथात त्यांनी अनुभवातून सामान्य नियमापर्यंत कसे पोहोचावे आणि कार्यकारणसंबंध कसा तपासावा, याच्या रीती मांडल्या. दुसऱ्या ग्रंथात त्यांनी मतस्वातंत्र्याचा पुरस्कार केला. त्यांच्या मते, एखादे मत खरे असले तरी त्याला विरोध करण्याची मुभा नसेल, तर ते मानणाऱ्यांना त्यामागची कारणे हळूहळू विसरायला होतात. अशा वेळी सत्यसुद्धा केवळ सवयीने म्हटल्या जाणाऱ्या शब्दांसारखे उरते. म्हणजेच, मत खरे असणे आणि मानणाऱ्याला ते समजलेले असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

स्पेन्सर यांनी १८६१ साली शिक्षणावर ग्रंथ लिहिला. मुलांना आधी नियम सांगून नंतर उदाहरणे देण्याची रूढ पद्धत त्यांना अमान्य होती. मूर्त वस्तूंकडून अमूर्त कल्पनेकडे जावे, मुलांना शक्य तितके कमी सांगावे आणि त्यांच्याकडून शक्य तितके शोधवून घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. लहान मुलांना भाषा पुरती अवगत होण्यापूर्वीच व्याकरणाचे नियम घोकायला लावण्यावर त्यांनी कठोर टीका केली होती. पुढे आगरकरांच्या व्याकरणग्रंथाकडे वळताना ही टीका आपल्याला आठवावी लागेल.

एम. ए. झालेल्या तरुणाला त्या काळी सरकारी नोकरीत उत्तम वेतन आणि प्रतिष्ठा मिळत असे. आगरकरांनी तो मार्ग नाकारला. डेक्कन कॉलेजातच त्यांची बाळ गंगाधर टिळक यांच्याशी मैत्री जडली होती आणि देशाच्या उन्नतीसाठी खाजगी शाळा काढून शिक्षणकार्यास वाहून घ्यावे, असा दोघांचा निश्चय झाला होता. आपल्या शिक्षणावर आशा ठेवून बसलेल्या आईला त्यांनी पत्राने कळविले की, मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील आणि घरात सुबत्ता येईल अशी अपेक्षा तिने धरू नये. पोटापुरते मिळवून उरलेला वेळ आपण लोकहितासाठी वेचणार आहोत. गरिबीतून वर आलेल्या मुलाने गरीब आईला असे लिहिणे किती कठीण होते, याची कल्पना आपण करू शकता.

३.२.३ शाळा, 'केसरी' आणि पुराव्याचा प्रश्न

विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि माधवराव नामजोशी यांनी १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना केली. एम. ए. पूर्ण होताच आगरकर तेथे रुजू झाले. ४ जानेवारी १८८१ रोजी 'केसरी' हे मराठी साप्ताहिक सुरू झाले आणि त्याचे पहिले संपादक म्हणून आगरकरांनी जबाबदारी स्वीकारली. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज, अशी या कार्याची पुढील वाढ झाली.

या काळातील एका घटनेकडे ज्ञानमीमांसेच्या दृष्टीने विशेष लक्ष द्यावयास हवे. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होत असल्याच्या वार्तांनी त्या वेळी महाराष्ट्रात प्रक्षोभ माजला होता. संस्थानचे कारभारी बर्वे यांना दोषी ठरवणारी काही पत्रे या तरुण संपादकांच्या हाती आली आणि त्यांच्या आधारे वृत्तपत्रांतून आरोप केले गेले. पुढे ती पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले. अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ साली आगरकर आणि टिळक या दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात त्यांना मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. तेथील अनुभवांवर आगरकरांनी पुढे पुस्तक लिहिले.

संपादकांचा हेतू निर्मळ होता आणि छळाविषयीचा त्यांचा संतापही प्रामाणिक होता. परंतु हेतूच्या शुद्धतेने पुराव्याची शुद्धता सिद्ध होत नाही. आपल्याला जे खरे असावेसे वाटते, त्याला दुजोरा देणारा कागद हाती आला की तो तपासण्याची इच्छाच मंदावते. चिकित्सक विचाराच्या मार्गातील हा सर्वांत मोठा अडथळा आहे. तो अज्ञानी माणसालाच येतो असे नाही. तर्कशास्त्राच्या अभ्यासकालाही तो चुकत नाही.

याच काळात आगरकरांनी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे मराठी रूपांतर केले. ते 'विकारविलसित' या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. या नाटकाचे कथानक आपल्याला परिचित असेल. पित्याचे भूत पुत्राला एका खुनाची हकीकत सांगते. पुत्राचे मन त्यावर विश्वास ठेवावयास उत्सुक आहे. तरीही तो राजापुढे तशाच प्रसंगाचे नाटक करवून त्याच्या मुद्रेवरून हकीकतीची खातरजमा करू पाहतो. बनावट कागदांपायी तुरुंगात गेलेल्या लेखकाचे नाव या नाटकाशी जोडले गेले, हा योग विचार करण्याजोगा आहे.

३.२.४ 'वाक्यमीमांसा' : आकलनाचे व्याकरण

१८८८ साली आगरकरांचा 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मराठी भाषेच्या विद्यार्थ्यांनी याची विशेष दखल घ्यावयास हवी.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ मधील व्याकरणापासून मराठी व्याकरणलेखनाची जी परंपरा दृढ झाली, तीत शब्दविचाराला मोठे स्थान होते. शाळांतूनही व्याकरण चालवणे याचा अर्थ शब्दाची जात, लिंग, वचन, विभक्ती सांगणे असाच होता. आगरकरांनी इंग्रजी व्याकरणातील वाक्यपृथक्करणाची पद्धत मराठीस लावली आणि अभ्यासाचे एकक शब्दाऐवजी वाक्य हे धरले.

या बदलाचे महत्त्व एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. हे उदाहरण ग्रंथातील नसून आपल्या सोयीसाठी घेतले आहे :

हा नियम पाळला पाहिजे, कारण तो पूर्वजांनी केला आहे.

पदपरिस्फोटाच्या रीतीने पाहिल्यास 'नियम' हे पुल्लिंगी एकवचनी नाम, 'पूर्वजांनी' हे तृतीयेचे अनेकवचन आणि 'कारण' हे उभयान्वयी अव्यय आहे, असे विद्यार्थी अचूक सांगेल. त्याला पूर्ण गुणही मिळतील. पण वाक्यात नेमके काय म्हटले आहे, हे त्याला समजले असेलच असे नाही. पृथक्करणाची रीत वेगळे प्रश्न विचारते. येथे विधाने किती आहेत? दोन. मुख्य विधान कोणते? नियम पाळला पाहिजे, हे. दुसऱ्या विधानाचे कार्य काय? पहिल्याला कारण पुरविणे. म्हणजे हे मिश्रवाक्य आहे आणि 'कारण' या शब्दाने जोडलेले गौणवाक्य प्रधानवाक्याचा आधार म्हणून आले आहे.

येथवर व्याकरणाचे काम झाले. पण वाक्याचे असे दोन भाग वेगळे करून समोर ठेवले की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो : हा आधार पुरेसा आहे का? पूर्वजांनी नियम केला हे खरे असूनही तो आज पाळावा, हे त्यातून निष्पन्न होते का? हा प्रश्न व्याकरणाचा नाही, तर्कशास्त्राचा आहे. परंतु ज्याला वाक्याचा सांधा दिसत नाही, त्याला सांध्यातील दोषही दिसणार नाही. वाक्य अखंडपणे कानावर पडते आणि अखंडपणेच मनात उतरते. आरोळी, आज्ञा आणि युक्तिवाद यांत मग भेद उरत नाही. माहिती आणि आकलन यांतील अंतर येथे लक्षात येते. वाक्य पाठ असणे ही माहिती होय. त्यातील कोणते विधान कोणत्या विधानावर उभे आहे, हे दिसणे म्हणजे आकलन. तो आधार भक्कम आहे की नाही याचा निर्णय करणे म्हणजे चिकित्सा.

स्पेन्सर यांची टीका येथे आठवावी. त्यांचा रोख होता तो लहान मुलांकडून अर्थ न समजता घोकून घेतलेल्या नियमांवर. भाषा अवगत असलेल्या विद्यार्थ्याने स्वतःच्याच भाषेतील वाक्य उलगडून पाहावे, या अभ्यासाला ती टीका लागू पडत नाही.

भाषाविज्ञानाच्या दृष्टीने या पद्धतीच्या अडचणीही ध्यानात घेतल्या पाहिजेत. इंग्रजी वाक्याचा साचा मराठीस जसाच्या तसा बसत नाही. 'मुलीने पुस्तक वाचले' या वाक्यात क्रिया करणारी मुलगी आहे, परंतु क्रियापदाचे रूप पुस्तकाप्रमाणे ठरते. 'मला भूक लागली' या वाक्यात भुकेचा अनुभव माझा असला तरी क्रियापद 'भूक' या शब्दाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. अशा वाक्यांत उद्देश्य कोणते मानावे, याविषयी अभ्यासकांत मतभेद होऊ शकतात. तथापि, हा प्रश्न उपस्थित होणे हेच पृथक्करणाचे फळ आहे. केवळ शब्दांची रूपे ओळखत राहिल्याने तो उपस्थित झाला नसता.

३.२.५ 'सुधारक' : शब्दप्रामाण्याकडून बुद्धिप्रामाण्याकडे

'केसरी'तील सहकाऱ्यांत सामाजिक सुधारणांविषयी तीव्र मतभेद होते. राजकीय स्वातंत्र्य आधी की सामाजिक सुधारणा आधी, या वादात आगरकर आणि टिळक एकमेकांपासून दूर गेले. १८८७ च्या ऑक्टोबरमध्ये आगरकरांनी 'केसरी'चे संपादकत्व सोडले आणि १५ ऑक्टोबर १८८८ रोजी 'सुधारक' हे स्वतःचे साप्ताहिक सुरू केले. त्याच्या इंग्रजी भागाची जबाबदारी आरंभी गोपाळ कृष्ण गोखले यांनी सांभाळली.

'वाक्यमीमांसा' आणि 'सुधारक' यांचे प्रकाशनवर्ष एकच आहे, ही बाब चरित्रात सहसा ओझरती येते. आपण तिच्याकडे थोडे थांबून पाहू. मीमांसा म्हणजे एखाद्या गोष्टीचे घटक वेगळे करून प्रत्येकाचे प्रयोजन तपासणे. आगरकरांनी व्याकरणात वाक्याची मीमांसा केली आणि 'सुधारक'मध्ये रूढीची. सोवळे, केशवपन, बालविवाह, अंत्यसंस्कार, पोशाख अशा विषयांवर लिहिताना ते स्थूलमानाने ठरावीक प्रश्न विचारतात. ही रूढी कोणत्या परिस्थितीत निर्माण झाली असावी? तिचा मूळ हेतू काय? तो हेतू आज साधतो का? ती टिकवल्याने कोणाला सुख आणि कोणाला दुःख होते? आणि शेवटी, ती पाळण्यासाठी सांगितले जाणारे कारण खरोखर कारण आहे की केवळ जुनेपणाचा दाखला? वाक्यातील 'कारण' या शब्दापाशी आपण जे विचारले, तेच येथे समाजाला विचारलेले आहे. हा संबंध आपण त्यांच्या लेखनातून अनुमानाने जोडत आहोत, हेही येथे नमूद करावे.

शास्त्रात सांगितले आहे म्हणून एखादी गोष्ट मान्य करणे, ही शब्दप्रामाण्याची भूमिका. ग्रंथ, गुरू, परंपरा यांचे म्हणणे ऐकावे, परंतु ग्राह्याग्राह्यतेचा अंतिम निर्णय विवेकाने करावा, ही बुद्धिप्रामाण्याची भूमिका. येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. बुद्धिप्रामाण्यवादी मनुष्य सर्वच ऐकीव ज्ञान त्याज्य मानतो, असे नाही. तसे केल्यास कोणतेही शिक्षण अशक्य होईल. तो एवढेच म्हणतो की, सांगणाऱ्याच्या अधिकाराला मर्यादा आहे आणि कारण विचारण्याचा हक्क ऐकणाऱ्याकडून कोणी काढून घेऊ नये. हीच कसोटी आगरकरांनी पाश्चात्त्य कल्पनांनाही लावावयाची होती. जुने ते सर्व टाकावे आणि इंग्रजांचे ते सर्व उचलावे, हा त्यांचा पक्ष नव्हता. आपल्या मूळ प्रकृतीवर उभे राहून नव्यातील उपयुक्त अंश पचवावा, असे त्यांनी प्रतिपादले. वादाला भिण्याचे कारण नाही, विचारांचा संघर्ष हे समाजाच्या आरोग्याचे लक्षण आहे, हेही त्यांचे ठाम मत होते. मिल यांच्या वाचनाचा ठसा येथे स्पष्ट उमटलेला दिसतो.

३.२.६ शिक्षण कोणाला आणि कशासाठी?

आगरकरांनी स्त्रीशिक्षणाचा जो पुरस्कार केला, तो ज्ञानविषयक भूमिकेचाच भाग म्हणून समजून घ्यावा. स्त्रियांना शिक्षण द्यावे, एवढे म्हणणारे त्या काळी पुष्कळ होते. परंतु ते शिक्षण गृहकृत्यांपुरते वेगळे असावे, असा त्यांचा आग्रह असे. आगरकरांनी स्त्री आणि पुरुष यांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, अशी मागणी केली. विचार करण्याची शक्ती स्त्री आणि पुरुष दोघांतही असेल, तर विचाराचे साधन एकाला पूर्ण आणि दुसऱ्याला अपुरे देण्यास कोणते कारण उरते?

१८९० साली कलकत्त्यात फुलमणी नावाच्या सुमारे अकरा वर्षांच्या मुलीचा पतीच्या शरीरसंबंधामुळे मृत्यू झाला आणि संमतिवयाच्या कायद्याचा वाद पेटला. वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा १८९१ मध्ये संमत झाला. परकीय सरकारने धर्मात हात घालू नये, असा विरोधकांचा मुद्दा होता. आगरकरांनी कायद्याच्या बाजूने लेखणी झिजवली. येथे एक कठीण प्रश्न निर्माण होतो. मतपरिवर्तन विचारानेच व्हावे, असे म्हणणाऱ्याने कायद्याची सक्ती मान्य करावी का? याचे उत्तर शोधताना असे दिसते की, ज्यांचे मत बदलावयाचे ते मोठी माणसे होती. परंतु ज्यांचा जीव जात होता त्या मुलींना मत मांडण्याची संधीच नव्हती. आपण या मुद्द्यावर स्वतंत्रपणे विचार करावा.

घरात मात्र आगरकरांनी सक्तीचा मार्ग स्वीकारला नाही. त्यांच्या पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. त्यांच्या व्रतवैकल्यांना आगरकरांनी आडकाठी केली नाही, असे चरित्रकार सांगतात. स्वतःच्या बुद्धीला पटेल तेच मानावे, हे तत्त्व दुसऱ्यावर लादता येत नाही. लादले की त्याचेच खंडन होते.

३.२.७ अखेरचा काळ

१८९० च्या अखेरीस टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला. प्राचार्य वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर १८९२ साली आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. अध्यापन, प्राचार्यपद आणि साप्ताहिकाचे लेखन असा तिहेरी भार ते वाहत होते. दम्याच्या विकाराने शरीर पोखरले होते. सनातनी मंडळींचा रोष इतका होता की, आगरकर हयात असताना त्यांची प्रतीकात्मक प्रेतयात्रा पुण्याच्या रस्त्यांवरून काढण्यात आली. तरीही त्यांनी लेखन थांबवले नाही.

१७ जून १८९५ रोजी आगरकरांचे निधन झाले. वयाची ३९ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. आपल्या अंत्यसंस्काराचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यासाठी लागणारे पैसे त्यांनी पुरचुंडीत बांधून ठेवले होते, असे सांगितले जाते. आईला पत्रातून जे कळविले होते, ते त्यांनी अखेरपर्यंत पाळले. मतभेदांमुळे दुरावलेल्या टिळकांनी 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला.

३.२.८ आगरकरांच्या भूमिकेच्या मर्यादा

ज्या विचारवंताने चिकित्सेचा आग्रह धरला, त्याच्या विचारांची चिकित्सा न करणे हे त्याच्याच शिकवणुकीशी विसंगत ठरेल. म्हणून पुढील दोन मुद्दे आपण विचारात घ्यावेत.

पहिला मुद्दा शिक्षणाच्या विस्ताराचा आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. उच्च शिक्षणावर होणाऱ्या खर्चाचा लाभ मूठभर वरच्या जातींना मिळतो आणि ज्यांच्या करातून तो खर्च होतो ते शेतकरी व कारागीर प्राथमिक शिक्षणालाही वंचित राहतात, हे त्यांनी निदर्शनास आणले. आगरकरांच्या शाळा-कॉलेजांचा आणि 'सुधारक'चा वाचकवर्ग मुख्यतः शहरी, साक्षर आणि उच्चवर्णीय होता. त्यांनी जातिभेदावर टीका केली. परंतु ज्यांच्यापर्यंत अक्षरच पोहोचलेले नाही, त्यांच्यापर्यंत कारण विचारण्याची सवय कशी पोहोचावी, हा प्रश्न फुले यांच्या कार्यात जितका केंद्रस्थानी आहे तितका आगरकरांच्या लेखनात नाही.

दुसरा मुद्दा युक्तिवादाच्या सामर्थ्याचा आहे. रूढीमागील कारण फोल आहे हे दाखवून दिले की रूढी गळून पडेल, अशी अपेक्षा त्यांच्या अनेक निबंधांमागे दिसते. परंतु रूढी केवळ चुकीच्या कारणांवर उभ्या नसतात. त्यांत भय, सवय, नातेसंबंध आणि हितसंबंध गुंतलेले असतात. आकलन झाले तरी आचरण बदलतेच असे नाही. शिक्षणाच्या आजच्या अभ्यासकांपुढेही हा प्रश्न कायम आहे.

३.३ सारांश

आगरकरांच्या जीवनातून ज्ञानाविषयी आपण तीन गोष्टी पाहिल्या. पहिली, ऐकलेले आणि लक्षात राहिलेले विधान कारणासह उमगल्याखेरीज त्याला आकलन म्हणता येत नाही. दुसरी, कारण तपासण्याची सवय भाषेच्या अभ्यासातूनही लागू शकते. वाक्याचे पृथक्करण हा तिचा पहिला पाठ होय. तिसरी, ही सवय स्वतःच्या इच्छेविरुद्धही वापरावी लागते. कोल्हापूर प्रकरणात ती शिथिल पडली, त्याचे परिणाम त्यांना भोगावे लागले; पुढे 'सुधारक'मध्ये ती त्यांनी सोडली नाही, त्याचीही किंमत त्यांनी मोजली.

विद्यार्थी मित्रांनो, मुक्त शिक्षणात आपल्यासमोर रोज शिक्षक उभा नसतो. आपल्या हाती ही पुस्तिका असते. छापील शब्दाला आपोआप अधिकार प्राप्त होतो आणि परीक्षेच्या धास्तीने तो अधिक वाढतो. या घटकातील विधाने परीक्षेपुरती पाठ करणे आपल्याला शक्य आहे. मात्र येथे केलेले प्रतिपादन कोणत्या आधारावर उभे आहे, तो आधार कोठे दृढ आणि कोठे अनुमानाचा आहे, हे आपण शोधले, तरच या घटकाचा अभ्यास झाला असे म्हणता येईल.

३.४ पारिभाषिक शब्द

ज्ञानमीमांसा : ज्ञानाचे स्वरूप, साधने आणि मर्यादा यांचा विचार करणारी तत्त्वज्ञानाची शाखा.
शब्दप्रामाण्य : ग्रंथ वा अधिकारी व्यक्तीचे वचन हेच अंतिम प्रमाण मानणे.
बुद्धिप्रामाण्य : ग्राह्याग्राह्यतेचा अंतिम निर्णय विवेकबुद्धीने करणे.
पदपरिस्फोट : वाक्यातील प्रत्येक पदाची जात, लिंग, वचन, विभक्ती इत्यादी सांगणे.
पृथक्करण : वाक्याचे घटक वेगळे करून त्यांचे परस्परसंबंध दाखविणे.
मिश्रवाक्य : एक प्रधानवाक्य आणि त्यावर अवलंबून असणारे एक वा अधिक गौणवाक्ये असलेले वाक्य.

३.५ स्वाध्याय

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. आगरकरांचा जन्म कोणत्या गावी झाला?
२. 'विकारविलसित' हे कोणत्या नाटकाचे रूपांतर आहे?
३. 'सुधारक' साप्ताहिक केव्हा सुरू झाले?

आ) टिपा लिहा.
१. मिल आणि स्पेन्सर यांचा आगरकरांवरील प्रभाव
२. कोल्हापूर प्रकरण आणि पुराव्याची तपासणी
३. आगरकरांचा सहशिक्षणाचा पुरस्कार

इ) सविस्तर उत्तरे लिहा.
१. पदपरिस्फोट आणि वाक्यपृथक्करण यांतील फरक सांगून आकलनाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व विशद करा.
२. मतपरिवर्तनाचा आग्रह आणि कायद्याचा पुरस्कार या दोन भूमिकांत विसंगती आहे का? आपले मत सकारण मांडा.

ई) उपक्रम
आपल्या घरात वा गावात नेहमी ऐकू येणारे, 'कारण' किंवा 'म्हणून' या शब्दाने जोडलेले एक वाक्य निवडा. त्याचे पृथक्करण करा. नंतर त्यातील आधार पुरेसा आहे का, हे दहा ओळींत लिहा. हाच प्रयोग या घटकातील एखाद्या वाक्यावरही करून पाहा.